कुणाचा रं तू?

नाव, कॉलेज, पॅकेज, इन्स्टा हँडल... गावच्या पारावर यातलं काहीच चालत नाही. तिथे चालतं फक्त नातं. जुन्नर-आंबेगावच्या वाटेवर नात्यांच्या शब्दांचा हा एक फेरफटका.

चैत्रातल्या यात्रेला गावी गेलात की हा प्रश्न ठरलेलाच. पारावर बसलेले एखादे बाबा चष्मा वर करून तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "कुणाचा रं तू?" तुम्ही शहरातल्या सवयीने आधी नाव सांगता. मग कॉलेज सांगता. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. तेवढ्यात मागून तुमची आत्या येते आणि म्हणते, "आवो, आपल्या धाकट्या तात्यांचा नातू हाय. माझा भाचा." झालं! बाबांचा चेहरा खुलतो. "मग आसं सांग ना लेका! तुझा आजा आन् मी एका बैलगाडीतून मंचरच्या बाजाराला जायचो."

बघा, नाव तुमचंच होतं, पण ओळख पटली ती तीन शब्दांनी. नातू, भाचा, आजा. तुम्हाला ते तीन शब्द वापरून स्वतःची ओळख करून देता आली असती का? खरं सांगा. आपल्यातल्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. 'ते आमचे रिलेटिव्ह आहेत' इथवर आपण येतो. 'कोण?' असं कुणी विचारलं की आईकडे बघतो.

एका 'कझिन'मध्ये आठ जण

साधं गणित करू. इंग्रजीत 'कझिन' हा एकच शब्द. मराठीत त्याचे आधी चार भाग होतात: चुलत, आते, मामे, मावस. प्रत्येकात भाऊ आणि बहीण. म्हणजे एका कझिनच्या जागी आपल्याकडे आठ माणसं उभी आहेत! 'अंकल'चंही तेच. काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, हे सगळे त्या एका शब्दात कोंबले की कोण वडिलांकडचं आणि कोण आईकडचं, हा पत्ताच पुसला जातो.

हे शब्द किती जुने आहेत माहितीये? भाऊ हा 'भ्रातृ'पासून आला, बहीण 'भगिनी'पासून, सून 'स्नुषा'पासून, जावई 'जामातृ'पासून, दीर 'देवर'पासून आणि मावशी 'मातृष्वसृ'पासून. 'चुलता' तर ऐकण्यासारखा आहे. 'क्षुल्ल' म्हणजे लहान आणि 'तात' म्हणजे बाप. चुलता म्हणजे धाकटा बाप! म्हणून काका ओरडला तर राग मानायचा नसतो, तो अर्धा बापच असतो. दुसरीकडे अक्का आणि अण्णा हे शब्द आपण दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून घेतले. कन्नडमध्ये आजही थोरल्या बहिणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. म्हणजे आपल्या घरातल्या हाका उत्तरेकडूनही आल्या आणि दक्षिणेकडूनही.

सासूला आत्या का म्हणतात?

आता एक कोडं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, कुठल्याही गावात जा. घरातली सून सासूला 'आत्या' किंवा 'आत्याबाई' म्हणते आणि सासऱ्याला 'मामा' किंवा 'मामंजी'. का बरं? सासू काय तिच्या वडिलांची बहीण आहे?

उत्तर असं, की कधीकाळी खरोखरच असायची. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालायचं, नव्हे, तिच्यावर पहिला हक्क भाच्याचा मानला जायचा. आता त्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. तिचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं, म्हणजे सासू तिची सख्खी आत्याच झाली की! आणि आत्याच्या नवऱ्याला खेड्यात मामाच म्हणतात. पुढे अशी लग्नं कमी झाली, सून लांबच्या गावाहून येऊ लागली, पण हाक तीच राहिली. कन्नडमध्ये तर 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही, 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. तिथे हे कोडं पडतच नाही.

ही गोष्ट नीट जगासमोर मांडली ती पुण्यातल्या एका बाईंनी. इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी देशभर फिरून नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम गोळा केले आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशाचे चार पट्टे पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात पडतो. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारसुद्धा पाप. दक्षिणेत तीच हक्काची नवरी. आपण दोन्हीच्या मध्ये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मामाची मुलगी चालायची, पण आत्याची मुलगी करून आणणं अनेक समाजांना पसंत नव्हतं. जुन्या मराठीत मामेभावाला आणि आतेभावाला 'मेहुणा' म्हणायचे. आज मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ किंवा बहिणीचा नवरा. एका शब्दात अख्खा नियम लपलेला!

कायदाही इथे गमतीशीर आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जवळच्या रक्तातलं लग्न नाकारतो, पण रूढी असेल तर सूट देतो. डॉक्टर मात्र सूट देत नाहीत. सख्ख्या मामेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. त्यामुळे आईबापांकडून एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी बाळात उतरण्याचा धोका वाढतो. तेव्हा हाक राहू द्या, लग्न नको, इतकं साधं सूत्र धरलं तरी पुष्कळ.

सुनेला जास्त शब्द का?

अजून एक गंमत करून बघा. एका कागदावर बायकोकडच्या माणसांसाठी नवऱ्याला लागणारे शब्द लिहा. सासू, सासरा, मेहुणा, मेहुणी, साडू. संपली यादी. आता नवऱ्याकडच्या माणसांसाठी बायकोला लागणारे शब्द लिहा. सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद, नणंदेचा नवरा म्हणजे नंदावा, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची, चुलत सासरे, आजेसासू, मामेसासरे... कागद पुरत नाही. शिवाय उल्लेखाचा शब्द वेगळा आणि हाकेचा वेगळा. नणंदेला 'वन्सं' म्हणायचं. दीर शाळकरी पोरगा असला तरी 'भावजी' म्हणायचं. नवऱ्याचं तर नावच घ्यायचं नाही. 'अहो' आणि 'आमचे हे' यांवर संसार! म्हणून मग वर्षातून एखाद्या दिवशी उखाण्यातून नाव घ्यायची सोय.

असं का? कारण घर सोडून तीच गेली. ज्याने नव्या गावात राहायचं त्याला तिथला नकाशा पाठ करावा लागतो. नवरा जावई म्हणून जातो तो दोन दिवसांचा पाहुणा. त्याला पाच शब्द पुरतात. शब्दांची लांबी बघूनच कळतं की जुळवून कोणी घ्यायचं होतं.

नाणेघाटातला व्याही

जुन्नरवरून नाणेघाटाला तुम्ही पावसाळ्यात गेलाच असाल. रीलसुद्धा काढलं असेल. पण घाटाच्या तोंडाशी असलेल्या त्या लेण्यात शिरलात का? दोन हजार वर्षांहून जुनं असं ते सातवाहनांचं फॅमिली फोटो दालन आहे. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे आता गेले, पावलांच्या खुणा राहिल्या. वर ब्राह्मी लिपीत नावं मात्र कोरलेली आहेत. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक सातवाहन, राणी नागणिका आणि राजा सातकर्णी, काही कुमार आणि त्यांच्याच रांगेत महारठी त्रणकयिर. हा कोण? अभ्यासक त्याला नागणिकेचा बाप मानतात. म्हणजे सातवाहनांचा व्याही! सासरच्या फोटोत सुनेच्या वडिलांना मानाची जागा, तीही दगडात कोरून. आजच्या लग्नाच्या अल्बममध्ये व्याह्यांचा फोटो कितव्या पानावर असतो, ते बघा जरा.

याच घराण्यातला पुढचा मोठा राजा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवतो. आईच्या नावाने. त्याची आई गौतमी बलश्री, तिचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. ती स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी देते. आता उडी मारून २०२४ मध्ये या. महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आपल्याला हे एकदम मॉडर्न वाटलं. जुन्नरच्या डोंगरांना ते जुनंच वाटलं असेल.

आणि शिवनेरी? शिवरायांचा जन्म तिथेच का झाला, याचं उत्तरही एका नात्यात आहे. कवी परमानंदांच्या 'शिवभारता'त ही हकिगत आहे. शिवनेरीवर तेव्हा विजयराज विश्वासराव होते. त्यांची मुलगी जयंती शहाजीराजांच्या थोरल्या मुलाला, संभाजीराजांना दिली होती. धामधुमीच्या काळात जिजाऊंना सुरक्षित ठेवायला शहाजीराजांनी व्याह्यांचा गड निवडला. सोयरीक म्हणजे नुसता मानपान नव्हता, ती अडीअडचणीची तटबंदी होती.

भावकी आणि उमुन्ना

हे सगळं फक्त आपल्याकडेच आहे असं वाटतंय? चला नायजेरियाला. तिथल्या आग्नेय भागात कोट्यवधी लोक इग्बो भाषा बोलतात. इग्बोत 'न्ने' म्हणजे आई, 'न्ना' म्हणजे वडील आणि 'न्वा' म्हणजे मूल. भावाला आणि बहिणीला वेगवेगळे मूळ शब्द नाहीत. दोघांसाठी 'न्वान्ने', म्हणजे आईचं मूल. मुलगा की मुलगी हे सांगायचं तर पुढे पुरुष किंवा स्त्री असा शब्द जोडायचा. सासर-माहेर, मेहुणा-साडू, दीर-जावई या सगळ्या गर्दीला एकच शब्द, 'ओगो'. आपली नवी सून तिकडे असती तर सुटली असती!

पण 'उमुन्ना' हा शब्द ऐका. शब्दशः अर्थ, बापाची लेकरं. एका मूळ पुरुषापासून आलेली सगळी घरं. गावातलं भांडण तिच्यापुढे जातं, लग्न तिला विचारून ठरतं, जमिनीत तिचा शब्द चालतो. ओळखीचं वाटतंय ना? ही तर आपली भावकी! एकच आडनाव, एकच कुलदैवत, बांधाला बांध. सुखात येवो न येवो, सुतकात हजर. आपल्याकडे तर भावकीतल्या भांडणाला 'भाऊबंदकी' असा खास शब्द आहे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला, त्यात चुलत्यावर, म्हणजे राघोबादादांवर ठपका आला. याच प्रकरणावर कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं आणि नाव ठेवलं 'भाऊबंदकी'. दुसरं नाव शोभलंच नसतं.

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ ची कादंबरी तुमच्यातल्या काहींना अभ्यासाला असेल. त्यातला ओकोंक्वो बापाच्या गावातून हद्दपार होतो तेव्हा कुठे जातो? आईच्या माहेरी. सात वर्षं तिथे मामाच्या आधाराने काढतो. बाप सगळं देतो, पण जखमी माणसाला आसरा आईचं गाव देतं, असा त्या लोकांचा विश्वास. आपल्या भाषेत सांगायचं तर आजोळ. डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडालं. ज्यांचं आजोळ पाण्याखाली गेलं, त्यांना या शब्दाचं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

इग्बोंमध्ये आणखी एक गट आहे, 'उमुआडा'. म्हणजे कुळातल्या लेकी. लग्न होऊन लांब गेलेल्या असल्या तरी माहेरी काही घडलं की सगळ्या मिळून येतात आणि भांडणात न्यायनिवाडा करतात. भाऊही त्यांना वचकून असतात. आपल्याकडे याला शब्द आहे, माहेरवाशिणी. पण आपल्या माहेरवाशिणींना आपण पुरणपोळी देतो, साडी देतो. निवाड्याला बसवतो का?

'परक्याचं धन' आणि तलाठ्याचा कागद

इथे हा विषय शब्दांचा राहत नाही. वडील गेले की तलाठी कार्यालयात वारस नोंद होते. त्या अर्जात प्रत्येक नावापुढे नातं लिहायचं असतं: पत्नी, मुलगा, मुलगी. तो रकाना भरला की सातबाऱ्यावर लेकीचंही नाव चढतं. आणि मग थोड्याच दिवसांत कुणीतरी तिला म्हणतं, "ताई, तेवढं हक्कसोडीवर सही करून जा." का? कारण लहानपणापासून तिने स्वतःबद्दल एक शब्द ऐकलेला असतो, परक्याचं धन. सही नाही केली तर माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, ही भीती. काही जणी मनापासून, समजून-उमजून सोडतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण पुष्कळ जणींना कागद वाचूही दिला जात नाही.

कायदा काय म्हणतो ते पाठच करून ठेवा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. २००५ मध्ये देशाचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार झाली. तरीही '२००५ मध्ये वडील हयात होते का?' असा वाद राहिलाच. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हा हक्क जन्माने मिळतो. योगायोग बघा, मुलीला वारशातून वगळणारी इग्बो रूढी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. उमुन्ना काय आणि भावकी काय, दोन्हीकडे प्रश्न तोच होता: लेक 'कुणाची'?

मराठीनं खरं तर याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. 'लेक' हा शब्द बघा. मुलगीही लेक आणि गावाकडे मुलगाही 'ल्योक'. एकाच खोडाची दोन पानं. भाषेने भेद केला नाही, तो आपण वाटणीच्या वेळी केला.

नात्याचा शब्द कागदावर आला की त्याला किती धार येते, हे सगळ्या महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 'सगेसोयरे' हा शब्द घराघरांत पोहोचला आणि २६ जानेवारी २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत सरकारला त्याची व्याख्या करावी लागली. सगे म्हणजे रक्ताचे, सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले. घरात आपण जो शब्द एका दमात उच्चारतो, त्यातलं कोण आत आणि कोण बाहेर यावर राज्यभर वाद झडला. त्या वादात तुमचं मत काहीही असो. त्या दिवसांत अनेकांनी पहिल्यांदाच पणजोबांचं नाव शोधलं. पणजीचं किती जणांनी शोधलं?

आता तुमची पाळी

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. घरातली एखादी लग्नपत्रिका काढा. आपल्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक असतात, व्यवस्थापक असतात, मामा मंडळी असतात आणि खाली चिमुकल्यांची किलबिल, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' त्यातल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने तुमचं नातं लिहा. अडलात की आजीला विचारा. आजी लांब असेल तर फोन करा, कॉल रेकॉर्ड करा. फोनमध्ये 'अंकल जुन्नर' नावाने सेव्ह केलेल्या माणसाचं खरं नातं लिहून टाका.

मग त्याच माहितीवरून घराची वंशावळ काढा. पण एक अट. त्यात लेकी लिहायच्या. दिलेल्या, आलेल्या, परतलेल्या, न लग्न केलेल्या, सगळ्या. जुन्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी एकच काठी सरळ खाली येते. तुमची झाडासारखी पसरू द्या. आणि आई, आत्या, ताई यांपैकी कुणापुढे हक्कसोडीचा कागद आला, तर आधी तो मोठ्याने वाचून दाखवा. सही करायची की नाही ते ती ठरवेल.

सगळे शब्द जपायलाच हवेत असं नाही. 'परक्याचं धन' खुशाल विसरा. 'अहो' ठेवायचं की नावाने हाक मारायची, हे दोघांनी मिळून ठरवा. पण आत्या, मावशी, आजोळ, लेक हे शब्द हातचे घालवू नका. संकटात दार कुणाचं ठोठवायचं हे त्यांच्यात लिहिलेलं असतं.

आणि पुढच्या यात्रेला पारावरच्या बाबांनी विचारलं, "कुणाचा रं तू?" किंवा "कुणाची गं तू?" तर आत्याची वाट बघू नका. आधी आईचं नाव सांगा, मग बापाचं, मग आजीचं माहेर कुठलं ते. बाबा दोन क्षण गप्प होतील. मग पारावर सरकून तुम्हाला जागा देतील.